काहीही चालेल

सहलीच्या बाबतीत माणसांचे दोनच प्रकार असतात. एक, ज्यांना सगळं ठरवावं लागतं. आणि दुसरा, ज्यांना काहीही चालतं. पहिल्या प्रकारचा माणूस घरटी एकच सापडतो. त्याच्याकडे एक वही असते, वहीत हिशेब असतो आणि सहल संपल्यावर घडलेल्या सगळ्या चुकांचं मालकी हक्काचं पत्र त्याच्या नावाने निघतं. दुसऱ्या प्रकारची माणसं बाकीची सगळी.

आमच्या घराण्यात ही वही गेली बरीच वर्षं माझ्याकडे आहे. ती मला कोणी दिली नाही. मी बँकेत होतो, एवढ्या एकाच पुराव्यावर माझ्याकडे ती राहिली. बँकेतल्या माणसाला बेरीज येते, रांगेत उभं राहता येतं आणि शिव्या खाण्याचा सराव असतो, असा आमच्या मंडळींचा समज आहे. त्यातल्या तिसऱ्या गोष्टीपुरता तो खराही आहे.

यंदा जानेवारीत शनिवार-रविवार धरून सगळ्यांनी मिळून कुठेतरी जावं, असं दिवाळीच्या फराळावर ठरलं. चकली तोंडात असताना माणूस कशालाही हो म्हणतो. मोजदाद केली तेव्हा माणसं सतरा भरली. मी रीतीप्रमाणे प्रत्येकाला विचारलं, "कुठे जायचं?" आणि सतराच्या सतरा जणांनी सांगितलं, "काहीही चालेल."

वाचकहो, हे वाक्य फार फसवं आहे. "काहीही चालेल" म्हणणाऱ्याला काय काय चालत नाही, याची यादी आपण पहिली सूचना मांडल्याबरोबर बाहेर पडते. मी म्हटलं, "हैदराबाद?" थोरले मेहुणे म्हणाले, "एवढ्या लांब? दोन दिवसांसाठी?" मी म्हटलं, "कोल्हापूर?" तरुण मंडळींनी असा चेहरा केला की जणू मी त्यांना शाळेत परत पाठवतोय. मी म्हटलं, "इंदूर?" तर नाना म्हणाले, "जानेवारीत? तिथे रात्री पारा दहाच्या खाली जातो. माझे गुडघे मुंबईतच राहू देत."

शेवटी मतदान घेतलं. तरुण पाच, मधल्या पिढीचे सहा, ज्येष्ठ पाच. सतरावी माईकाकू. तिला विचारलं तर म्हणाली, "माझं काय रे, तुम्ही ठरवाल ते." मी वहीत तिच्या नावापुढे एक आडवी रेघ मारली आणि पुढे गेलो. ही रेघ लक्षात ठेवा.

मतदानाचा निकाल असा. तरुणांना आधी हैदराबाद, मग इंदूर, शेवटी कोल्हापूर. मधल्यांना आधी इंदूर, मग कोल्हापूर, शेवटी हैदराबाद. ज्येष्ठांना आधी कोल्हापूर, मग हैदराबाद, आणि थंडीमुळे इंदूर सगळ्यांत शेवटी. आता दोन-दोन गावांची कुस्ती लावून बघा. हैदराबाद इंदुराला दहा विरुद्ध सहा मतांनी हरवतं. इंदूर कोल्हापूरला अकरा विरुद्ध पाचने हरवतं. म्हणजे हैदराबाद कोल्हापूरला सहज चीत करणार असं वाटतं ना? पण कोल्हापूरच हैदराबादला अकरा विरुद्ध पाचने लोळवतं! मी तीनदा बेरीज केली. बँकेत एवढा घोळ झाला असता तर रात्री दहापर्यंत घरी सोडलं नसतं.

माझा भाचा अर्थशास्त्र शिकतो. तो म्हणाला, "मामा, तुमची बेरीज बरोबर आहे. चूक बहुमताची आहे." कोंदोर्से नावाच्या फ्रेंच विद्वानाने हा घोळ १७८५ सालीच दाखवून ठेवला होता म्हणे. पुढे केनेथ ॲरो नावाच्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९५१ साली सिद्ध केलं, की तीन किंवा जास्त पर्याय असले की काही अगदी साध्या, रास्त अटी एकदम पाळणारी पसंती ठरवण्याची पद्धत असूच शकत नाही. अपवाद एकच. कुणातरी एकाचीच पसंती सगळ्यांची म्हणून धरायची. या ॲरोसाहेबांना १९७२ साली अर्थशास्त्राचं नोबेल पारितोषिक विभागून मिळालं. आमच्या वहिनींना काहीच मिळालं नाही, पण सिद्धांत त्यांना उपजतच ठाऊक होता. त्या स्वयंपाकघरातून बाहेर आल्या, हात पुसले आणि म्हणाल्या, "इंदूर. तिकिटं काढा." ठरलं.

तिकिटांची गोष्ट निराळी. एका तिकिटावर नावं सहाच मावतात, म्हणजे सतरा माणसांची तीन तिकिटं. आरक्षण पूर्वी चार महिने आधी करता यायचं, आता नोव्हेंबर २०२४ पासून साठच दिवस आधी. त्यामुळे साठाव्या दिवशी सकाळी मी असा सज्ज होऊन बसलो, की मुंजीच्या मुहूर्तालाही इतका वेळेवर नव्हतो. पंचेचाळिशी ओलांडलेल्या बायकांना रेल्वे जमेल तसा खालचा बर्थ देते, हे कळल्यावर वहिनींनी आयुष्यात पहिल्यांदा आपलं खरं वय सांगितलं.

आता रेल्वेचा स्लीपरचा डबा म्हणजे आठ-आठ बर्थचे कप्पे. समोरासमोर सहा आणि बाजूला दोन. आठ दुणे सोळा. आम्ही सतरा. म्हणजे दोन कप्पे जमले तरी एक माणूस उरतोच. माझं नशीब असं, की सोळा जागा जवळजवळ मिळाल्या आणि सतरावी त्याच डब्याच्या पार दुसऱ्या टोकाला, दाराशेजारी, बाजूचा खालचा बर्थ.

ही जागा कुणाला द्यायची? नैतिक प्रश्न म्हणतात तो हाच. तत्त्वज्ञानाच्या पुस्तकांत तो मोठमोठ्या शब्दांत येतो. आमच्याकडे तो 'साइड लोअर' म्हणून आला. मी वही उघडली. मेहुण्यांना द्यावी तर ते वर्षभर बोलतील. मुलांना द्यावी तर त्यांना पत्ते कुटायला एकत्र बसायचंय. नानांचे गुडघे. वहिनींचं नाव काढण्याची तर माझी छाती नव्हती. एकेक नाव गळत गेलं आणि बोट येऊन थांबलं आडव्या रेघेवर.

आणि काय सांगू, एकदा नाव सापडल्यावर कारणं आपोआप सुचायला लागली! खालचा बर्थ आहे, तिला चढायला नको. बाथरूम जवळ आहे, रात्री अडचण नाही. मुलांच्या गोंगाटापासून दूर, शांत झोप लागेल. पाच मिनिटांत माझी अशी खात्री पटली, की त्या गाडीतली सर्वांत चांगली जागा मी माझ्या शहात्तर वर्षांच्या काकूला दिली आहे. तिला सांगितलं तर म्हणाली, "चालेल की. काहीही चालेल."

शुक्रवारी संध्याकाळी मुंबई सेंट्रलहून निघालो. रात्री दशम्या, बटाट्याची भाजी, पत्ते, भेंड्या. माईकाकू जेवणापुरती आमच्यात बसली आणि नऊला आपल्या टोकाला गेली. पहाटे, रतलाम आलं असेल नसेल, मी उठून त्या बाजूला गेलो. दार उघडंच होतं. जानेवारीचा माळव्याचा वारा सुरीसारखा आत येत होता. काकू डोक्यावरून शाल घेऊन, पाय पोटाशी धरून बसली होती. तिच्या पायथ्याशी कुणीतरी आपली ट्रंक ठेवली होती आणि ट्रंकेशेजारी त्या ट्रंकेचा मालक पेंगत होता.

"काकू, झोपली नाहीस?"

"झोपले होते की, छान," असं म्हणून तिने पाय आणखी आत ओढले आणि मला बसायला जागा करून दिली.

सतरा जणांच्या सहलीत त्या एकाच माणसाला पाय पसरायला जागा नव्हती, आणि तीच जागा करून देत होती. मी बसलो नाही. दार लावलं आणि परत आलो. माझ्या अंगावर दोन पांघरुणं होती, हे मला तेव्हाच लक्षात यावं याला काय म्हणावं?

इंदुरात मात्र दिवस मजेत गेला. सकाळी वाफेवरचे पोहे, वर शेव, वर जीरावन नावाचा त्यांचा खास मसाला आणि शेजारी जिलबी. राजवाडा पाहिला. सात मजल्यांचा, खालचे दगडी, वरचे लाकडी. १९८४ साली आगीत त्याचा बराच भाग जळाला होता, नंतर तो पुन्हा बांधला. काचमंदिर पाहिलं. तिथे जिकडे बघावं तिकडे आपलीच छबी दिसते, त्यामुळे वहिनींना बाहेर काढायला वेळ लागला. हे शहर सरकारी स्वच्छता सर्वेक्षणात २०१७ ते २०२३ सलग सात वर्षं पहिलं आलंय, शेवटच्या वर्षी सुरतेच्या जोडीने. ते ऐकल्यापासून थोरले मेहुणे शेंगांची टरफलं खिशात साठवत फिरत होते. घरी ती ते गॅलरीतून खाली टाकतात.

माझ्या वहीत रात्रीच्या खान्यात मोठ्या अक्षरांत 'सराफा' लिहिलं होतं. इंदूरचा सराफा म्हणजे दिवसा सोन्याचांदीची पेढी आणि रात्री खाण्याची. दुकानं बंद झाली की त्यांच्याच पायऱ्यांसमोर कढया लागतात, आणि हा बाजार मध्यरात्रीनंतरही चालतो. थंडीत तिथे गराडू मिळतो. हा एक कंद. तळून, मसाला टाकून, लिंबू पिळून देतात. ताटाएवढी जिलबी मिळते, तिला जिलेबा म्हणतात. पोट जड झालं म्हणून मेहुण्यांनी मोठ्या आशेने शिकंजी मागवली. लिंबाचं सरबत येईल अशी कल्पना. पण इंदूरची शिकंजी दुधाची असते, दाट, गार, सुकामेव्याची. ती ते औषधासारखे शेवटपर्यंत प्यायले.

रात्रीचे साडेअकरा. सतरा माणसं थंडीत कुडकुडत उभी. तेव्हा हळूहळू उलगडा झाला तो असा. ज्येष्ठ मंडळी आली, कारण मुलांचा हिरमोड नको. मुलं आली, कारण म्हाताऱ्या माणसांना सराफा बघायचाय असं त्यांना वाटलं. मधली पिढी आली, कारण माझ्या वहीत लिहिलं होतं. आणि मी आलो, कारण सगळे येत होते. एकाही माणसाला त्या वेळी अंथरुणाखेरीज काही नको होतं!

भाचा खो-खो हसायला लागला. म्हणाला, "मामा, हे ॲबिलीन झालं." जेरी हार्वे नावाच्या अमेरिकन प्राध्यापकाने १९७४ साली हा किस्सा लिहिला आहे. टेक्सासातलं एक लहान गाव, चाळीस डिग्री ऊन, घरातली चार माणसं डॉमिनो खेळत सुखात बसलेली. सासरे म्हणाले, ॲबिलीनला जाऊन जेवू या का? जावई बायकोकडे बघून हो म्हणाला, सासूबाई सगळ्यांकडे बघून हो म्हणाल्या. त्रेपन्न मैल तापलेल्या गाडीतून गेले, वाईट जेवले आणि परत आले. घरी आल्यावर कळलं, की जायचं कुणालाच नव्हतं. सासऱ्यांनासुद्धा नव्हतं. बाकीच्यांना कंटाळा आला असेल म्हणून त्यांनी आपलं विचारलं होतं.

सगळे हसले. मीही हसलो. पण लॉजवर आल्यावर गादीवर पडलो आणि हसू काही टिकेना. सराफ्यात झाला तो गैरसमज. प्रत्येकाने दुसऱ्याचं मन राखायला गेला आणि सगळे मिळून गारठले. त्यात पाप कुणाचंच नाही. पण दाराजवळच्या त्या बर्थचं काय? तिथे गैरसमज झाला नव्हता. ती जागा वाईट आहे, हे मला पहिल्या मिनिटापासून ठाऊक होतं. म्हणूनच ती कुणाला देता येईल याचा मी एवढा विचार केला. गैरसोय पाण्यासारखी असते, उताराकडे वाहते. आणि घराघरांत उतार कुठे आहे हे सगळ्यांना माहीत असतं. जो बोलत नाही, तो उतार.

मग मनात आलं, आपण काही इतके भोळे नाही. पंगतीत वाढताना पाहुणा "नको नको" म्हणतो, दोन्ही हात पानावर आडवे धरतो, तेव्हा आपण त्याच्यावर विश्वास ठेवतो का? मुळीच नाही. पहिलं नको शिष्टाचाराचं, दुसरं सवयीचं, तिसऱ्यांदा म्हणाला तरच खरं, असं धरून आपण जिलबी वाढतोच. पिढ्यान्‌पिढ्या आपण हे शास्त्र जाणतो. मग तोच मनुष्य "काहीही चालेल" म्हणाला की ते मात्र पहिल्या फटक्यात खरं कसं मानतो? उत्तर सोपं आहे आणि फारसं शोभादायक नाही. पाहुण्याचं 'नको' खरं मानलं तर आपल्याकडे कमीपणा येतो. काकूचं 'चालेल' खरं मानलं तर आपली सोय होते. विश्वास, विश्वास म्हणतात तो पुष्कळदा सोयीचाच दुसरा अवतार असतो.

रविवारी सकाळी मी काकूच्या खोलीत चहा घेऊन गेलो. म्हटलं, "काकू, आज काय करायचं?"

"तुम्ही ठरवाल ते."

"आम्ही नाही ठरवत. तुला काय हवंय?"

"मला मेलं काय हवं असणार?"

मी हललो नाही. वही मिटून बाजूला ठेवली आणि तिसऱ्यांदा विचारलं. काकूने चहाचा घोट घेतला, दाराकडे एकदा बघितलं आणि आवाज खाली आणून म्हणाली, "खरं सांगू? ते पोहे नकोत रे. पित्त झालंय. कुठे साधा वरणभात मिळाला तर बघ. आणि ते वाडे-बिडे तुम्ही बघा, मला कुठेतरी उन्हात बसवा." मग जरा थांबून, "आणि मला ना, खरं तर कोल्हापूरला जायचं होतं. अंबाबाईला यायचं कबूल केलं होतं मी. तुझे काका गेले त्या वर्षापासून राहिलंय."

मी मुकाट्याने वही उघडली आणि रेघेच्या जागी कोल्हापूर धरून बेरीज पुन्हा केली. ज्येष्ठ पाचाचे सहा झाले. हैदराबाद इंदुराला हरवतंच, इंदूर कोल्हापूरला हरवतंच, कोल्हापूर हैदराबादला हरवतंच. तिच्या मताने तसूभरही फरक पडत नव्हता. घोळ होता तसाच राहिला असता, आणि वहिनी हात पुसत बाहेर आल्याच असत्या.

मग विचारून उपयोग काय, असं कुणी म्हणेल. मीही क्षणभर म्हटलं. पण मत देऊन हरलेला माणूस वेगळा आणि मतच नसलेला माणूस वेगळा. नाना कोल्हापूरसाठी भांडले, हरले आणि दोन दिवस गुडघे चोळत इंदुराला नावं ठेवत होते. मजेत होते! हरलेल्याला निदान एक बाजू असते, कुरकुरण्याचा हक्क असतो, 'पुढच्या वेळी' म्हणण्याची सोय असते. काकूला आम्ही हरूसुद्धा दिलं नव्हतं. तिला आम्ही सामानात धरलं होतं.

दुपारी वरणभात मिळाला. वरण गोड नव्हतं, भात मोकळा होता, पण काकू दोनदा मागून जेवली. मागून! मग लॉजच्या गच्चीवर तिला उन्हात खुर्ची टाकून दिली. बाकीचे लालबाग राजवाडा बघायला गेले. त्यांनी परत येऊन वर्णन करायला सुरुवात केली तेव्हा तिला गाढ झोप लागली होती.

परतीच्या तिकिटांतही सतरावी जागा होतीच. आणि सांगायला लाज वाटते, वहीत तिथेही मी आधीच काकूचं नाव लिहून ठेवलं होतं. ते खोडलं आणि सोळा चिठ्ठ्या केल्या. माईकाकूची चिठ्ठी टाकली नाही. तिचा हप्ता आधीच भरून झाला होता.

चिठ्ठी निघाली थोरल्या मेहुण्यांची.

गाडी इंदूर सोडण्यापूर्वी साऱ्या डब्याला कळलं, की त्यांना दाराजवळ टाकलंय. देवास येईपर्यंत त्यांना दोन शाली, एक कानटोपी आणि वहिनींची हवेची उशी मिळाली. उज्जैनला त्यांना पाठीत थंडी भरल्याचा भास झाला. नागद्यानंतर मी उठलो आणि म्हटलं, "भाऊजी, तुम्ही माझ्या जागेवर या." वारा सोसवेल, पण त्यांचं बोलणं सोसवेना. गैरसोय उताराकडे वाहते म्हणालो ना? त्या रात्री उतार मी होतो. शाली, कानटोपी आणि उशी मेहुण्यांबरोबर गेली, हे सांगायला नकोच.

रात्रभर दार उघडत होतं आणि मिटत होतं. मधूनमधून कुणीतरी माझ्या पायांवर बसत होतं. मी शाल मागायला आमच्या कप्प्यापर्यंत जाणार होतो. पण सगळे झोपलेत, कशाला उठवा, एका रात्रीचा तर प्रश्न आहे, असं म्हणत तसाच पडून राहिलो.

सकाळी माईकाकू हळूहळू चालत त्या टोकापर्यंत आली. "झोप लागली का रे?"

"हो. छान."

"खरं सांग."

"लागली ना थोडी."

ती माझ्या पायथ्याशी बसली आणि तिसऱ्यांदा विचारलं. म्हटलं, "नाही लागली. गारठलो."

"मग शाल का नाही मागितलीस? माझ्याकडे दोन होत्या."

मला उत्तर सुचेना. हाच प्रश्न तिलाही विचारता आला असता, आणि तिलाही उत्तर सुचलं नसतं. तेवढ्यात बोरिवली आलं आणि सामान मोजायला मला हाक पडली. वस्तू बावीस होत्या. माणसं सतरा. पहिल्यांदाच मी ती वेगवेगळी मोजली.

पुढच्या जानेवारीसाठी कोल्हापूरचं चाललंय. तरुण मंडळी विरोधात आहेत. माईकाकूला विचारलं, तर म्हणाली, "काहीही चालेल." अजून दोनदा विचारायचं बाकी आहे.